त्याला सांग

ऊर्मिलाला फ्रायझिंगमध्ये खोली मिळाली नाही म्हणून ती मिटरलोहला राहायला आली, आणि पुढे खोली मिळत असूनही तिथून हलली नाही. म्युनिकच्या उत्तरेला, तिच्या फ्रायझिंगमधल्या युनिव्हर्सिटीपासून बसने पाऊण तासावरचं हे गाव. चाळीसेक घरं, कांद्याच्या आकाराचा घुमट असलेलं चर्च, आगीच्या बंबाची शेड, आणि चहूकडे शेतं. दुकान नाही. संध्याकाळची शेवटची बस चुकली तर कुणाला तरी फोन करायचा नाहीतर चालत यायचं.

बार्लीवर पडणाऱ्या तांबेऱ्यावर ती पीएच.डी. करत होती. दिवसभर मायक्रोस्कोपखाली रोगट पानं बघितल्यावर घरी येताना बसच्या खिडकीतून धडधाकट शेतं दिसली की तिला बरं वाटायचं. मूळची ती मंचरची. वडील शाळामास्तर, शेती काकांकडे. त्यामुळे शेत तिला नवं नव्हतं, पण शेतात राबण्याची वेळही तिच्यावर कधी आली नव्हती.

ती राहायची ते घर शोर्श आणि रेझी या नवराबायकोचं. दोघं सत्तरीला टेकलेली. आईशी फोनवर बोलताना ऊर्मिला त्यांना शोर्शकाका आणि रेझीबाई म्हणायची, त्यामुळे तिच्या मनातही तीच नावं बसली होती. समोर मात्र नुसतं शोर्श, नुसतं रेझी. गावात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करायचे. सुरुवातीला तिने पुस्तकातल्यासारखं ‘आपण’ म्हटलं तेव्हा रेझीबाई म्हणाल्या होत्या, “आपण वगैरे बँकेत. इथे मी रेझी.”

त्यांनी गाई कधीच विकून टाकल्या होत्या. बरीचशी जमीन दुसऱ्यांना कसायला दिली होती. पाच एकर बटाटा तेवढा शोर्शकाका अजून स्वतः करायचे. गावातली आणि आसपासची माणसं वर्षाचे बटाटे त्यांच्याच घरून न्यायची.

२००४ च्या सप्टेंबरात, बटाटा काढायला आलेला असताना, शोर्शकाका धान्याच्या कोठारातल्या शिडीवरून पडले. घोट्याचं हाड दोन ठिकाणी मोडलं. ऑपरेशन झालं, पायात खिळे घातले, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. मुलगा ड्युसेलडॉर्फला नोकरीला. त्याला दोन आठवडे तरी निघता येणार नव्हतं. आणि रेडिओवर मंगळवारपासून आठवडाभर पाऊस सांगितला होता.

“मग बटाट्यांचं काय?” ऊर्मिलाने विचारलं.

“बघू,” रेझीबाई म्हणाल्या. “सगळ्यांचीच कामं अंगावर आली आहेत. कुणाचा मका, कुणाचं बीट. आता कुणाला म्हणायचं, तुझं टाक आणि आमचं कर.”

त्या ट्रॅक्टर चालवायच्या, पण बटाटा काढायचं जुनं यंत्र ओढत चालवायला सराईत माणूस लागायचा. ते यंत्र मागे जमीन उकरून बटाटे वरच्या सरकत्या पट्ट्यावर आणायचं, आणि त्यावर उभं राहून चार जणांनी दगड-ढेकळं वेचून बाहेर टाकायची. नांगराच्या मागे वाकून बटाटे वेचणाऱ्या बाया ऊर्मिलाने मंचरला पाहिल्या होत्या. हे त्यापेक्षा सोपं दिसत होतं, पण माणसं इथेही लागतच होती.

त्या रात्री जेवताना रेझीबाई सूप अर्धं टाकून उठल्या. ऊर्मिला वर खोलीत गेली आणि खिडकी बंद करायला गेली तेव्हा तिला शेजारचं अंगण दिसलं. तिथे हिरवा, धुऊनपुसून ठेवलेला मोठा ट्रॅक्टर उभा होता. गेला आठवडाभर तो जागचा हलला नव्हता. तिथले लोरेन्त्स नावाचे गृहस्थ, गावाच्या तोंडी लेन्झ, शोर्शकाकांच्याच वयाचे होते. त्यांची शेती आता मुलगा बघायचा आणि ते स्वतः दिवसभर अंगणात काही ना काही करत बसायचे. या दोन घरांचं जाणं-येणं नाही हे तिच्या लक्षात आलं होतं, पण तिने त्याचा फार विचार केला नव्हता. जर्मन माणसं आपापल्या घरात असतात, एवढंच तिला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. ती युनिव्हर्सिटीतून लवकर परतली आणि घरी जायच्या आधी थेट लोरेन्त्सच्या फाटकातून आत शिरली.

लोरेन्त्स बाकावर बसून वाळलेल्या कांद्यांची वेणी घालत होते. त्यांनी मान वर केली.

“मी शेजारी राहते,” ती म्हणाली. “शोर्श आणि रेझीकडे.”

“माहीत आहे.”

“शोर्शचा पाय मोडलाय.”

“माहीत आहे.”

“बटाटे अजून जमिनीत आहेत. मंगळवारपासून पाऊस आहे.”

“तेही माहीत आहे.”

बसमध्ये जुळवून आणलेली ऊर्मिलाची जर्मन वाक्यं इथे संपली. लोरेन्त्सनी आणखी एक कांदा वेणीत अडकवला.

“तुला रेझीने पाठवलं?”

“नाही.”

“शोर्शने?”

“ते तर आजच दुपारी हॉस्पिटलमधून येणार आहेत.”

“म्हणजे तू इथे आलीस हे कुणालाच माहीत नाही.”

“नाही. विचारायला हवं होतं का?”

लोरेन्त्सनी वेणीची गाठ आवळली. मग तिच्या पायांकडे बघून म्हणाले, “उद्या हे बूट घालू नकोस. शेताच्या खालच्या अंगाला अजून ओल आहे.”

त्यांनी होकार दिला की नुसताच सल्ला दिला, हे तिला नीट कळलं नाही. तरी तिने वर येऊन सिद्धांतला फोन लावला. सिद्धांत तिचा पुण्यातला कॉलेजचा मित्र. म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला एका कंपनीत इंजिनियर होता.

“उद्या काय करतोयस?”

“आल्झो, हे बघ, उद्या शनिवार. म्हणजे कपडे धुणार आणि झोपणार. का?”

“इकडे ये. बटाटे काढायचेत. तुझ्या रूममेटला, तनयलाही आण.”

“बटाटे? ऊर्मिला, मी सीव्हीमध्ये मेकॅनिकल लिहिलंय, ॲग्री नाही.”

“मशीनच आहे. जेवण मिळेल.”

“जेवण म्हणजे तू करणार, का त्या आजी?”

“आजी.”

“मग जा, येतो,” सिद्धांत म्हणाला. त्याचं ‘जा’ म्हणजे जर्मन ‘हो’ असायचं. आईला फोनवरही तो तसंच म्हणायचा आणि ती बिचारी दरवेळी विचारायची, कुठे जाऊ?

शनिवारी सकाळी रेझीबाई कॉफी ओतत होत्या तेव्हा अंगणात ट्रॅक्टरचा आवाज आला. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि हातातली किटली तशीच धरून उभ्या राहिल्या. कप भरून कॉफी बशीत आली, बशीतून टेबलावर.

“हा इथे कसा?”

“मी सांगितलं त्यांना,” ऊर्मिला म्हणाली. “काल.”

रेझीबाई खुर्चीत बसल्या. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, टेबल पुसता पुसता, भराभर. दोन्ही शेतांच्या मधे अक्रोडाचं एक झाड होतं. शोर्शच्या आईने लावलेलं. त्याची एक फांदी लोरेन्त्सच्या ट्रॉलीवर पडली, आणि नऊ वर्षांपूर्वी लोरेन्त्सने एका सकाळी ते झाड मुळापासून कापून टाकलं. म्हणाला, माझ्या हद्दीत होतं. शोर्श म्हणाला, माझ्या. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नाही. चर्चमध्ये एक डावीकडे बसतो, एक उजवीकडे.

ऊर्मिलाला हसू येऊ लागलं होतं, पण तिने ते आवरलं. तिचे यशवंतकाका मंचरला बांधावरून शेजाऱ्याशी असेच भांडत आले होते. तिथे निदान दोघं एकमेकांना शिव्या तरी द्यायचे.

“मी त्यांना परत जायला सांगू का?” तिने विचारलं.

“वेडी आहेस का तू,” रेझीबाई म्हणाल्या आणि दुसरा कप काढला.

शोर्शकाका बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय उशीवर ठेवून पडले होते. त्यांनीही आवाज ओळखला होता. आत येणाऱ्या दोघींकडे ते आळीपाळीने बघत राहिले.

“कुणी बोलावलं?”

“मी,” ऊर्मिला म्हणाली.

बाहेर लोरेन्त्स बटाट्याचं यंत्र आपल्या ट्रॅक्टरला जोडत असल्याचा खणखणाट ऐकू येत होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. शोर्शकाकांचा चेहरा प्रत्येक आवाजाला थोडा थोडा वाकडा होत गेला.

“मला शेतावर न्या,” शेवटी ते म्हणाले.

“डॉक्टरांनी पाय खाली सोडायचा नाही म्हणून सांगितलंय,” रेझीबाई म्हणाल्या.

“मग दोन खुर्च्या न्या. तो माझं मशीन मोडून ठेवेल.”

तसं शोर्शकाकांना गाडीतून शेताच्या कडेला नेलं. एका खुर्चीत ते, दुसरीवर प्लास्टरचा पाय, अंगावर घोंगडी. तोवर सिद्धांत आणि तनय येऊन पोचले होते, नवे कोरे रबरी बूट घालून. यंत्रावर एका बाजूला रेझीबाई आणि ऊर्मिला, दुसऱ्या बाजूला ते दोघं. लोरेन्त्सनी ट्रॅक्टर सुरू केला. मऊ काळी माती पट्ट्यावर चढू लागली आणि तिच्यातून पिवळे बटाटे उड्या मारत वर येऊ लागले.

पहिली ओळ संपून ट्रॅक्टर वळायला थांबला तेव्हा शोर्शकाकांनी हाक मारली.

“ऊर्मिला, त्याला सांग, फाळ फार खोल चाललाय. निम्मी माती वर येतेय.”

लोरेन्त्स पाच पावलांवर ट्रॅक्टरवर बसले होते. ते सरळ समोर बघत होते. ऊर्मिला यंत्रावरून उतरली, ट्रॅक्टरजवळ गेली आणि म्हणाली, “ते म्हणतात, फाळ फार खोल चाललाय.”

“त्याला सांग, वरून काढला तर बटाटे कापले जातील.”

ती परत आली. “ते म्हणतात, बटाटे कापले जातील.”

“त्याला सांग, तीस वर्षं मी हेच मशीन चालवतोय.”

असं सुरू झालं. प्रत्येक ओळीच्या टोकाला ट्रॅक्टर थांबायचा, ऊर्मिला उतरायची, या म्हाताऱ्याचं त्या म्हाताऱ्याला आणि त्याचं याला सांगायची, आणि पुन्हा चढायची. दोघं अस्सल बव्हेरियन बोलायचे. बटाट्याला ‘कार्टोफेल’ म्हणतात असं ती पुण्यात क्लासमध्ये शिकली होती. इथे तो ‘एर्डेपफल’ होता, आणि बाकीचे शब्द तर त्याहून अवघड. बऱ्याचदा तिला निम्मंच समजायचं. ती समजेल तेवढं पुस्तकी जर्मनमध्ये सांगायची. काही गोष्टी ती मुद्दामच गाळायची.

“त्याला सांग, डोळे फुटलेत का, तिकडे एक अख्खी रांग सोडून आलाय.”

“ते म्हणतात,” ऊर्मिला लोरेन्त्सना म्हणाली, “तिकडे थोडे बटाटे राहिलेत.”

“तो असं नाही म्हणाला,” लोरेन्त्स म्हणाले. “मी ऐकलं काय म्हणाला ते.”

“मग मला कशाला मधे घालता?”

लोरेन्त्सनी ट्रॅक्टर मागे घेऊन सुटलेली रांग धरली.

दुपारी रेझीबाईंनी शेतातच जेवण मांडलं. काळा ब्रेड, चीज, मुळा, उकडलेली अंडी आणि सफरचंदाचा केक. लोरेन्त्स आपली बशी घेऊन ट्रॅक्टरच्या पलीकडे जाऊन बसले, शोर्शकाका खुर्चीत. मधे बाकीचे चौघं.

“हे दोघं नक्की काय करतायत?” सिद्धांतने हळूच विचारलं. “तो त्याचं ऐकतोय, हा याचं ऐकतोय, आणि तू मधे धावतेयस.”

“बोलत नाहीत एकमेकांशी. बांधावरचं झाड तोडलं म्हणून.”

“म्हणजे आपल्यासारखंच.”

“गेनाऊ, अगदी,” तनय तोंडात केक असताना म्हणाला.

संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त शेत झालं. ऊर्मिलाची बोटं मातीने काळी पडली होती आणि खांदे भरून आले होते. अंघोळ करून ती खाली आली तेव्हा शोर्शकाका सोफ्यावर पडल्या पडल्या छताकडे बघत होते.

“गाडी चांगली चालवतो,” ते म्हणाले. “हे त्याला सांगू नकोस.”

रविवारी कुणी शेतात जात नसे. पण चर्चमध्ये बातमी पोचली. लोरेन्त्सचा ट्रॅक्टर शोर्शच्या शेतात दिसला, हे गावाला खरं वाटेना. आणि सोमवारी ऊर्मिलाला युनिव्हर्सिटीत जावंच लागणार होतं, प्रोफेसरांपुढे सहा महिन्यांच्या कामाचं प्रेझेंटेशन होतं. सिद्धांत आणि तनयलाही ऑफिस. रविवारभर ती याच काळजीत होती.

“यंत्रावर माणसं मिळतील का?” तिने रेझीबाईंना विचारलं.

“माणसं?” रेझीबाई म्हणाल्या. “सकाळपासून पाच बायकांनी मला फोन केलाय. सगळ्यांना मदत करायचीय. खरं म्हणजे बघायचंय.”

“पण मग निरोप कोण सांगणार?”

“ते बघू,” रेझीबाई म्हणाल्या.

सोमवारी तिचं प्रेझेंटेशन बरं झालं. प्रोफेसरांनी दोन शंका काढल्या, एका आलेखाची स्तुती केली. पण मधेच खिडकीबाहेर ढग दिसले की तिचं लक्ष मिटरलोहकडे जायचं. दोघं भांडून आपापल्या घरी गेले असतील, बटाटे तसेच असतील, असंच तिला वाटत होतं. बस गावाच्या वळणावर आली तेव्हा ती उठून पुढे जाऊन उभी राहिली. शेत मोकळं होतं. पार टोकापर्यंत नुसती उकरलेली माती, आणि कडेला वाळक्या पाल्याचा धूर निघत होता.

अंगणात दोन बायका ट्रॉली झाडत होत्या. रेझीबाई कोठाराच्या दारात होत्या. आत एका बाजूला छपराच्या आडव्या तुळईपर्यंत बटाट्यांचा ढीग लागला होता.

“झालं?” ऊर्मिलाने विचारलं.

“झालं.”

“आणि त्यांचं?”

रेझीबाई हात पुसत म्हणाल्या, “सकाळी शोर्शने मला हाक मारली. ‘रेझी, त्याला सांग.’ मी म्हटलं, मी सांगणार नाही. मला माझं काम आहे, तुम्हाला तोंडं आहेत. मग दोघंही गप्प. तीन ओळी तशाच झाल्या. मग मशीनची साखळी उतरली. लेन्झ खाली उतरून आत हात घालून ती चढवायला लागला, आणि इकडे पट्टा बंद केलाच नव्हता. मला दिसलं नाही. शोर्शला दिसलं. खुर्चीतून असा ओरडला, ‘लेन्झ, हात काढ!’”

“मग?”

“त्याने हात काढला. अंगठ्याला थोडं खरचटलंय, बाकी काही नाही. यंत्रावरच्या आम्ही चौघी माना लांब करून बघतोय. लेन्झने साखळी बसवली, मग सावकाश शोर्शकडे गेला. म्हणाला, ‘काढला.’ शोर्श म्हणाला, ‘दिसलं.’ बस. त्यानंतर दिवसभर दोघं एकमेकांवर ओरडतच होते. हळू चालव, तू गप्प बस, इकडून वळव. मला तर डोकं दुखायला लागलं.”

शेताच्या कडेला पाल्याच्या शेकोटीपाशी दोघं बसलेले ऊर्मिलाला दिसले. राखेत बटाटे भाजत ठेवले होते. ती जवळ गेली तेव्हा लोरेन्त्सनी काठीने एक बटाटा बाहेर ढकलला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळला आणि तिच्या हातात दिला. साल कोळशासारखी काळी होती, आतून बटाटा पिवळाधमक. तिने फुंकर मारत मारत तो मिठाबरोबर खाल्ला. दोघं काहीच बोलत नव्हते, पण आता ते नुसतं न बोलणं होतं. मंगळवारी पहाटे पाऊस लागला आणि आठवडाभर पडला.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये सुगीची प्रार्थना झाली. वेदीपुढे भोपळे, द्राक्षं, गव्हाच्या पेंढ्या आणि शोर्शकाकांच्या बटाट्यांची टोपली मांडली होती. ऊर्मिला रेझीबाईंबरोबर मागे बसली. लोरेन्त्स अजून उजवीकडेच बसले होते, शोर्शकाका डावीकडे. सवय, दुसरं काय.

त्याच्या पुढच्या आठवड्यात एके दुपारी शोर्शकाका कुबड्यांवर अंगणात येऊन उन्हाला बसले असताना ती त्यांना कॉफी द्यायला गेली. ते आपणहून म्हणाले, “झाड अर्धं वाळलेलंच होतं. पण त्याने विचारायला हवं होतं.”

हे लोरेन्त्सना सांगायचं की नाही, याचा ती क्षणभर विचार करत राहिली. मग तिला वाटलं, आता हे तिचं काम नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर गावाच्या चर्चचा वार्षिक सण यायचा. शनिवारी सकाळी लोरेन्त्स खांद्यावर दोन जाड साखळ्या टाकून अंगणात आले आणि कुणाला काही न विचारता कोठारात शिरले. रेझीबाई स्वयंपाकघरात पीठ मळत होत्या, त्या हात तसेच घेऊन धावत बाहेर आल्या.

“झोपाळा बांधतायत,” त्या म्हणाल्या.

या सणाला कोठाराच्या तुळईला एक लांबलचक फळी टांगायची आणि गावातल्या लहानथोरांनी तिच्यावर झोके घ्यायचे, अशी इथली रीत होती. मिटरलोहची फळी पहिल्यापासून शोर्शकाकांकडे आणि साखळ्या लोरेन्त्सकडे. नऊ वर्षं फळी इथे भिंतीला टेकून होती आणि साखळ्या तिथे खुंटीला. गावची मुलं झोके घ्यायला शेजारच्या गावात जायची.

ऊर्मिला कोठारात गेली. लोरेन्त्स शिडीवर चढले होते, शोर्शकाका खालून कुबडीने दाखवत होते.

“एक कडी खाली घे.”

“खाली घेतली तर पाय जमिनीला लागतील.”

“तुझे लागतील. तुझे पाय लांब आहेत.”

“मग तू चढ वर.”

ऊर्मिला सवयीने दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली होती. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. जरा वेळाने लोरेन्त्स वरून म्हणाले, “तू मधे का उभी आहेस? फळीचं ते टोक धर.”

तिने फळीचं टोक धरलं.

रविवारी दुपारी सगळं गाव कोठारात जमलं. सिद्धांत आणि तनयही आले होते. रेझीबाई आणि आणखी दोघीतिघी चुलीपाशी उभ्या राहून पिठाचे गोळे हाताने ओढून तुपात सोडत होत्या. मधे पापडासारखी पातळ, कडेला जाड आणि फुगलेली ती गोड पुरी पिठीसाखर भुरभुरून गरम गरम हातात यायची. सिद्धांतने किती खाल्ल्या ते त्यालाच ठाऊक. फळीवर एकामागे एक पंधरावीस माणसं घोड्यावर बसावं तशी बसायची आणि दोन्ही टोकांना उभे राहून तरुण पोरं झोका द्यायची. एका फेरीत शोर्शकाकाही बसले, प्लास्टरचा पाय समोरच्या बाईच्या कमरेशी सरळ ठेवून. डॉक्टर काय म्हणाले होते त्याची रेझीबाईंनी त्यांना आठवण करून दिली. त्यांनी ऐकलं नाही.

ऊर्मिला तनयच्या मागे बसली होती. तिच्या मागे लोरेन्त्स येऊन बसले.

“पुढच्या आठवड्यात आमची कोबी काढायचीय,” ते म्हणाले. “शनिवारी वेळ आहे का?”

“आहे,” ती म्हणाली. “सिद्धांतलाही आणते.”

“आण. तो दगड चांगले वेचतो.”

“मला कळत नाही असं समजू नका,” फळीशेजारी उभा असलेला सिद्धांत तोंड पुसत मराठीत म्हणाला, आणि मग त्यांना कळावं म्हणून जर्मनमध्ये, “जा, जा. येतो.”

पोरांनी फळीला धक्का दिला. कोठाराचं मोठं दार सताड उघडं होतं. फळी पुढे गेली की बाहेरची नांगरून ठेवलेली शेतं जवळ यायची, आणि मागे आली की बटाट्यांच्या ढिगाचा मातकट वास यायचा. समोर कुणीतरी बाई भीतीने हसत होती. ऊर्मिलाने तनयच्या जॅकेटला घट्ट धरलं आणि पोरांना म्हणाली, “अजून जोरात.”